धरणासाठी एकत्र बसलात, आता जंगलासाठी बसा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य
मा. मुख्यमंत्री, कर्नाटक राज्य

विषय : तिलारी, म्हादई आणि भीमगड या सलग जंगलासाठी तिन्ही राज्यांचे कायमस्वरूपी संयुक्त मंडळ नेमण्याबाबत.

महोदय,

मी दोडामार्ग तालुक्यातला काजू बागायतदार आहे. माझ्या बागेच्या वरच्या अंगाला सुरू होणारा डोंगर महाराष्ट्रात मोडतो. माथा ओलांडून पलीकडे उतरले की सत्तरी, म्हणजे गोवा. माथ्याने पूर्वेला चालत राहिले की चोर्ला, पारवाड, कणकुंबी, म्हणजे कर्नाटक. या एका डोंगराचा कारभार आज तीन वनखाती बघतात. नकाशे तीन, याद्या तीन, नुकसानभरपाईचे नियमही तीन. हा कारभार एका टेबलावर आणा, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र आपणा तिघांना एकत्र लिहितो आहे. वेगवेगळी पत्रे पाठवली असती तर प्रत्येक ठिकाणाहून 'संबंधित राज्याकडे वर्ग' असे उत्तर आले असते.

आधी पाण्याचे बोलतो, कारण आपल्या तिन्ही सरकारांना या डोंगराची आठवण पाण्यामुळेच होते. खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानात म्हादई उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. तिथून जवळच कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला वळते आणि सौंदत्तीच्या धरणात जाते. चंदगडच्या माथ्यावरचे पाणी तिलारी होऊन आमच्या तालुक्यात उतरते आणि गोव्यात गेल्यावर शापोरा म्हणून ओळखले जाते. थोडे वर आंबोलीला हिरण्यकेशी सुरू होते. ती आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरच्या बाजूने कर्नाटकात शिरते आणि शेवटी घटप्रभेतून कृष्णेला मिळते. आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात. चार महिन्यांत कोसळणारे हे पाणी जंगल धरून ठेवते आणि उरलेले आठ महिने झिरपत झिरपत खाली सोडते, म्हणून या नद्या बारमाही. हुबळी-धारवाडच्या नळाला, म्हापशाच्या नळाला आणि माझ्या पोफळींना येणारे पाणी या एकाच पट्ट्यातल्या झाडांनी थोपवून धरलेले असते.

या पाण्याच्या वाटणीसाठी आपण केवढे कष्ट घेतले! २०१० मध्ये म्हादई जलतंटा लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ रोजी आला : कर्नाटकला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. तिन्ही राज्यांनी नामांकित वकील उभे केले, जलशास्त्रज्ञ आणले, आकडे मोजून घेतले. निवाड्यानंतरही वाद मिटला नाही. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्याची कर्नाटकची कळसा-भांडुरा योजना आणि महाराष्ट्राचे विर्डीचे धरण यांच्या कामांवरून आजही पत्रे आणि अर्ज सुरूच आहेत. २०२३ मध्ये केंद्राने त्यावर 'प्रवाह' नावाचे प्राधिकरण नेमले. म्हादईचे खोरे २०३२ चौरस किलोमीटरचे. त्यातले १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. इतके बारकाईने मोजमाप झाले. पण या वाटणीत जे पाणी धरले आहे ते पुढची पन्नास वर्षे येत राहील याची हमी ज्या जंगलावर अवलंबून आहे, त्या जंगलाचा सांभाळ कोण कसा करणार, यासाठी तिन्ही राज्यांचे एकही कायमचे मंडळ नाही.

एकत्र काम करणे जमत नाही असे कुणी म्हणू नये. तिलारीचे धरण हे महाराष्ट्र आणि गोव्याने मिळून बांधलेले आहे. १९९० मध्ये करार झाला. खर्चाचा सुमारे ७३ टक्के वाटा गोव्याने उचलला, उरलेला महाराष्ट्राने. दोन्ही राज्यांचे नियंत्रण मंडळ बसले, कालवे डिचोली, बार्देश, पेडण्यापर्यंत गेले. ज्यांची घरेदारे पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाचे आणि नोकऱ्यांचे दुखणे बरीच वर्षे चालले, कालवे अधूनमधून फुटतात, हे सगळे आम्ही जवळून पाहिले आहे. तरीही करार टिकला. दोन राज्यांचे अभियंते आजही एकमेकांना फोन करतात, कारण करारात तसे लिहिलेले आहे. वनरक्षकांनी एकमेकांना फोन करावा असे मात्र कुठल्याच करारात लिहिलेले नाही.

याचा परिणाम काय होतो ते एका मार्च महिन्यात आमच्या माथ्यावर मी डोळ्यांनी पाहिले. दुपारपासून पलीकडच्या उतारावर धूर दिसत होता. काळोख पडला तसा वणवा माथ्याकडे सरकायला लागला. काजूचा ऐन हंगाम, झाडाखाली बोंडू पडलेले, पाचोळा चुरचुरीत सुकलेला. गावातले पंधरा-वीस जण हिरव्या टहाळ्या तोडून वर गेलो. आमच्या बाजूचे दोन वनरक्षक सोबत होते. माथ्यावर पोचलो तर पलीकडच्या उतारावर बॅटऱ्या हलताना दिसल्या. त्या राज्याचे कर्मचारीही आग विझवतच होते. थोड्या वेळाने आमच्या बरोबर खाली आगीची एक नवीन सरळ रेघ पेटली. वणवा फुटून इकडे आला असे समजून आम्ही धावलो आणि ती झोडपून विझवली. प्रत्यक्षात ती त्यांनी मुद्दाम लावलेली आग होती. मुख्य वणवा येण्याआधी पाचोळा जाळून मोकळा पट्टा करायचा, म्हणजे वणव्याला पुढे खायला काही उरत नाही, असा त्यांचा बेत होता. आम्ही तोच मोडला. तासाभराने वणवा त्याच वाटेने माथ्यावर चढला आणि दोन्ही उतार जळाले. त्या रात्री कुणी कामचुकारपणा केला नव्हता. दोन्हीकडची माणसे जिवावर उदार होऊन लढत होती. त्यांच्याकडे एकमेकांचा नंबर नव्हता आणि बिनतारी संच वेगवेगळ्या वाहिन्यांवर होते.

२०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात दिवसेंदिवस वणवे पेटत राहिले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर आणून पाणी टाकावे लागले. सत्तरीतल्या किती तरी काजूबागा त्यात गेल्या. हेलिकॉप्टर आकाशातून येऊ शकते. पण डोंगराच्या दोन बाजूंच्या वनकर्मचाऱ्यांनी होळीआधी एकत्र बसून जाळरेषा कुठून कुठे काढायची हे ठरवण्याला फार तर एक दिवस आणि दोन जीपचे डिझेल लागेल.

हत्तींचेही तेच. दांडेलीकडून हत्ती आमच्याकडे पहिल्यांदा उतरले त्याला दोन दशके होऊन गेली. तेव्हापासून ते इथे येतात, राहतात, परत जातात. बांबू खातात, केळी आणि पोफळी आडव्या करतात, माडाचा कोंब काढून खातात. मागे माणगाव खोऱ्यात हत्ती पकडण्याची मोहीम झाली तेव्हा प्रशिक्षित हत्ती आणि माहूत कर्नाटकातून आणावे लागले. म्हणजे मदत मागितली की मिळते, हेही दिसले. पण मोहीम संपली की सगळे आपापल्या हद्दीत. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात हत्तीने एका शेतकऱ्याचा बळी घेतला. त्याच वर्षी 'ओंकार' म्हणून ओळखला जाणारा तरुण टस्कर दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातले पेडणे असा ये-जा करत राहिला. तो हद्द ओलांडून गेला की आमच्या बाजूला हायसे वाटायचे. 'गेलो तो पलीकडे, आता तेंचो प्रश्न,' हे वाक्य मी गावकऱ्यांच्या तोंडून ऐकले आणि गणवेशातल्या माणसांच्या तोंडूनही. पेडण्यातही तो परत फिरल्यावर हेच म्हटले गेले असणार. हत्ती आज संध्याकाळी कुठल्या बाजूला उतरणार याची खबर पलीकडच्या वाडीला दोन तास आधी मिळाली, तर माणसे रात्री बागेत जाणार नाहीत. यासाठी अवघड यंत्रणा लागत नाही. पाळतीवर असलेल्या पथकांचा एक सामायिक संदेशगट, तीन भाषांत एकच सूचना, आणि ती गावच्या स्पीकरवरून सांगणारा एक माणूस.

वाघाची गोष्ट याहून मोठी आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेला कर्नाटकात काळी व्याघ्र प्रकल्प. या दोहोंच्या मध्ये राधानगरी, आंबोली, तिलारी, भीमगड, म्हादई, मोले, नेत्रावळी अशी जंगलांची साखळी. सह्याद्रीत कॅमेऱ्यात टिपलेला वाघ पुढे काळीच्या जंगलात टिपला गेला. पट्ट्यांवरून ओळख पटली. म्हणजे हा रस्ता कागदावरचा नाही, वाघ तो चालतो. तरी सह्याद्रीत वाघ टिकेनात, म्हणून २०२५ च्या अखेरीस ताडोब्यातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. त्या प्रयत्नाला यश मिळो, अशीच आमची इच्छा आहे. पण विदर्भातून गाडीने वाघ आणायचे आणि दक्षिणेकडून पायी येणाऱ्या वाघाचा रस्ता तुटू द्यायचा, याचा मेळ कसा बसणार? गोव्यात जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. गुरे मारल्याच्या रागातून ते घडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितले आणि गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. गोव्याचे मुख्यमंत्री महोदय, सत्तरीतल्या लोकांची विस्थापनाची भीती खरी आहे, तिची चेष्टा होता कामा नये. ती भीती दूर करायची तर गुराची भरपाई आठवड्याच्या आत हातात पडायला हवी आणि ती तिन्ही राज्यांत सारखी हवी. म्हैस मेलेल्या माणसाला पुढच्या वर्षीचा वायदा सांगितला तर तो वाघाच्या बाजूने कसा उभा राहील?

आता हवामानाचे. २२ आणि २३ जुलै २०२१ या दोन दिवसांचा पाऊस आपण तिघांनीही पाहिला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. महाडजवळच्या तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, चिपळूण बुडाले, पंचगंगेने कोल्हापूर वेढले. त्याच पावसाने सत्तरी आणि डिचोली पाण्याखाली नेली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असे गोव्यात सांगितले गेले. दूधसागरजवळ दरड पडून रेल्वेगाडी घसरली. ढग एकच होता, पंचनामे तीन झाले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये तिलारीच्या पाण्याने आमच्याकडची गावे बुडाली आणि खाली साळ, इब्रामपूरही बुडाले. पुढे इर्शाळवाडीची दरड, मग ३० जुलै २०२४ रोजी वायनाडची. अरबी समुद्र तापतो आहे, पाऊस थोड्या तासांत जास्त पडायला लागला आहे, मधले खंड लांबले आहेत. शास्त्रज्ञ हे त्यांच्या भाषेत सांगतात. आम्ही ते काजूच्या मोहोरावर वाचतो. जानेवारीत ढगाळ हवा, की मोहोर शोषणारा ढेकण्या किडा आला. फेब्रुवारीत अवकाळी सर, की मोहोर काळा पडला. मार्चमध्ये एकदम उन्हाचा कडाका, की बी भरायच्या आधीच गळ. आमच्या वरच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पूर्वी शिमगा झाल्यावरही पाणी असायचे, आता महाशिवरात्रीलाच तो दगड दाखवतो.

व्हाळ आटण्याचे सगळे खापर मी हवामानावर फोडणार नाही. त्याच्या डोक्यावरचे जंगल माझ्या देखत गेले. ते कसे गेले हे नीट सांगतो, कारण तुमच्या फायलींत ते 'वृक्षाच्छादनातील बदल' अशा शब्दांत येते.

आमच्या तालुक्यातले बरेचसे जंगल सरकारी नाही, मालकीचे आहे. एका सातबारावर वीस-पंचवीस नावे. निम्मे भाऊबंद मुंबईला, काही मयत, वारसनोंदी अर्धवट. किंजळ, ऐन, नाणा, हरडा, जांभूळ असे दाट रान. त्यातून मालकाला वर्षाला रुपयाही मिळत नाही; सरपण आणि थोडी हिरडे-बेहडे, कोकमे, एवढेच. मग एके दिवशी दलाल येतो. एकरी एकरकमी भाव सांगतो, वारसांच्या सह्या गोळा करण्याचे कामही तोच अंगावर घेतो. सहा महिन्यांत व्यवहार, पुढच्या दिवाळीनंतर करवती आणि जेसीबी. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा होतो, उरलेले जाळले जाते आणि तिथे रबराच्या नाहीतर अननसाच्या ओळी लागतात. लांबून पाहिले तर हिरवेच दिसते. उपग्रहालाही बहुधा हिरवेच दिसत असेल. पण खाली पालापाचोळ्याचा थर नाही, झुडूप नाही, बुरशी नाही. पहिल्या पावसात लाल पाणी व्हाळातून धावते आणि तीच माती जाऊन तिलारीच्या पोटात बसते. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. मुलीचे लग्न, आईचे ऑपरेशन, मुलाची फी. त्याच्याजवळ विकायला तेवढेच असते.

न्यायालयाने यात लक्ष घातले. २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई झाली. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्यासाठी चार महिन्यांची मुदत घालून दिली. त्याआधीचा इतिहास आपल्याला ठाऊकच आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात पश्चिम घाटासाठी स्वतंत्र प्राधिकरण आणि निर्णयात ग्रामसभेला स्थान मागितले होते. तो बाजूला पडला. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. त्यावर २०१४ पासून केंद्राने पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे एकामागून एक मसुदे काढले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दुसऱ्या दिवशीचा. सहा राज्यांतले ५६,८२५.७ चौरस किलोमीटर. महाराष्ट्र १७,३४०, कर्नाटक २०,६६८, गोवा १,४६१. प्रत्येक मसुद्यानंतर प्रत्येक राज्याने आपली गावे कमी करून मागितली. शेजाऱ्याने कमी केली तर आम्हीच का सोसायचे, हे त्यामागचे गणित. मला हे गणित कळते. म्हणूनच म्हणतो, यादी एकत्र बसून करा. सीमेवरची गावे कोणती ठेवायची आणि कोणती का वगळायची हे तिघांनी एकाच नकाशावर ठरवले, तर कुणालाही शेजाऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. दरम्यानच्या काळात काय झाले? भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार पश्चिम घाटाच्या या प्रस्तावित क्षेत्रात दहा वर्षांत वनाच्छादन ५८.२२ चौरस किलोमीटरने घटले. अतिदाट जंगल वाढल्याची नोंद त्यात आहे, ती आनंदाची गोष्ट. पण मध्यम दाट आणि विरळ जंगल मिळून साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून जास्त कमी झाले. आमचे मालकी जंगल बहुतेक याच मधल्या वर्गातले.

आता याच तालुक्यातली एक जागा दाखवतो. हेवाळे-बांबर्डेची देवराई. बाराही महिने पाणी साचलेली चिखलट जमीन, त्यात जंगली जायफळाची उंच झाडे. मुळे चिखलातून वर निघतात आणि गुडघ्यासारखी वाकून पुन्हा आत जातात. आत शिरले की चप्पल काढावी लागते, एक तर देवाची जागा म्हणून आणि दुसरे, चप्पल चिखलात राहते म्हणून. भर मे महिन्यात तिथून स्वच्छ पाणी वाहते. फार प्राचीन काळापासून टिकून राहिलेला हा वनप्रकार. सरकारने २०२१ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले, क्षेत्र २.५९ हेक्टर. त्याच प्रकारची दलदल डोंगरापलीकडे सत्तरीत बांबरला निरंकाराच्या राईत आहे. दोन्ही ठिकाणी देवाच्या नावाने गावाने राखली, कुणाच्या अधिसूचनेशिवाय. मग अडीच हेक्टर गाव राखू शकते तर अडीच हजार का नाही, असा प्रश्न मला कुणी तरी विचारावा असे वाटते. उत्तर सोपे आहे. देवराईतून पैसे मिळत नाहीत हे गावाने आधीच मान्य केलेले असते. उरलेल्या जंगलाच्या बाबतीत ते ओझे एकट्या मालकावर आहे आणि फायदा सगळ्यांचा.

म्हणून मंडळाचे पहिले काम पैशाचे असावे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना केंद्रीय करांचा वाटा देताना वने आणि पर्यावरणाला १० टक्के भार दिला. म्हणजे आमच्या डोंगरावर झाडे उभी आहेत म्हणून तुमच्या तिजोरीत पैसे आले. पर्यायी वनीकरणाचा निधी वेगळा आहे. देशाने २०३० पर्यंत झाडांमधून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जास्तीचा शोषून घेण्याचे वचन जगाला दिले आहे. ते पाळायचे तर उभे जंगल राखण्यासारखा स्वस्त उपाय नाही. यातला एक हिस्सा जंगल न तोडणाऱ्या मालकाला दरवर्षी, एकरी, थेट खात्यात द्या. तिन्ही राज्यांत दर एकच ठेवा. पाणी पिणाऱ्या शहरांनीही वाटा उचलावा. पाणीपट्टीत थोडीशी वाढ झाली तर म्हापसा, पणजी, हुबळीतले लोक खळखळ करणार नाहीत, ते पैसे कुठे जातात हे त्यांना दिसले पाहिजे एवढेच. वारसनोंदीची प्रकरणे मोहीम काढून मिटवा, नाहीतर पैसे आले तरी सातबारावरच्या मयत माणसाच्या नावाने पडून राहतील. आंबोली, गेळे, चौकुळच्या गावाने सामायिक धरलेल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा घोळ किती पिढ्या चालला हे महाराष्ट्र सरकारला सांगायला नको.

दुसरे काम प्रकल्पांचे. कळसा-भांडुरा एका फायलीत, विर्डी दुसऱ्या, पत्रादेवीपर्यंत येऊ घातलेला शक्तिपीठ महामार्ग तिसऱ्या, वीजवाहिन्या चौथ्या. प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे पाहिली तर प्रत्येकात 'परिणाम मर्यादित' असेच लिहिलेले सापडेल. सगळ्यांचा मिळून परिणाम तपासायला कुणाला सांगितलेलेच नाही. कॅसलरॉक ते कुळे रेल्वेच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. तोवर लोकांना आंदोलने करावी लागली आणि वर्षे गेली. या पट्ट्यातला कुठलाही मोठा प्रकल्प आधी संयुक्त मंडळासमोर येऊ दे. विकास नको असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मुलांनाही दवाखाना जवळ हवा आहे, कामासाठी रोज गोव्यात जाणाऱ्या पोरांना रस्ता चांगला हवा आहे.

वणवा, हत्ती, वाघ यांची कामे वर सांगितलीच. मंडळात तिन्ही राज्यांचे वनाधिकारी असावेत, पाटबंधारेवाले असावेत, आणि सीमेवरच्या ग्रामसभांनी निवडलेली माणसे मताच्या अधिकारासह असावीत. केवळ चहापुरती बोलावलेली नकोत. कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना यात नवे काही नाही. मार्च २०२४ मध्ये बंदिपूरला कर्नाटक आणि केरळ यांनी मनुष्य-वन्यजीव संघर्षावर एकत्र काम करण्याचा करार केला. तो नमुना इथे आणा आणि त्यात पाणी व मालकी जंगल जोडा.

एका गोष्टीचा उल्लेख टाळून चालणार नाही. खानापूर, बेळगाव म्हटले की सीमाप्रश्न येतो. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावर माझेही मत आहे, इथल्या प्रत्येकाचे आहे. कुणीही आपली भूमिका सोडावी असे मी सुचवत नाही. 'या मंडळाच्या कामकाजामुळे कोणत्याही राज्याच्या सीमाविषयक अथवा पाणीविषयक दाव्यास बाधा येणार नाही' असे करारातले पहिलेच कलम करा आणि दुसऱ्या कलमापासून कामाला लागा. दावा जिंकून जो डोंगर मिळेल त्यावर झाडे असायला हवीत ना?

पहिली बैठक मुंबई, पणजी किंवा बेंगळुरूत घेऊ नका. ती दोडामार्गात किंवा चोर्ल्यात घ्या, आणि ती पाऊस संपल्यावर लगेच, जानेवारी उजाडण्याआधी घ्या. त्यानंतर पाचोळा सुकतो आणि आम्हाला बागेतून हलता येत नाही. येताना तिन्ही वनखात्यांचे या पट्ट्याचे नकाशे एकाच प्रमाणात छापून आणायला सांगा. रस्ते, वाडे, पाणवठे आणि हत्तींच्या वाटा त्यावर खुणा करून द्यायला आमच्याकडची जाणती माणसे तयार आहेत. बैठकीची तारीख तिन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींना महिनाभर आधी कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
दोडामार्ग तालुक्यातील एक काजू बागायतदार